लॉरेटाबाईंच्या नावाची खुर्ची

मित्रांनो, अमेरिकेतल्या एल्क फोर्ड गावच्या वाचनालयाच्या तळघरात भिंतीला टेकून उभी असलेली, गंज चढलेली लोखंडी घडीची खुर्ची म्हणजे मी. कारखान्यातून आले तेव्हा माझा निळा रंग चकचकीत होता. माझ्यावर बसून लोकांनी लग्नाचे केक खाल्ले, रक्तदान केलं. कुणी कौतुक केलं नाही, पण लाज वाटावी असंही काही घडलं नव्हतं.

विज्ञान शिकवणाऱ्या लॉरेटा ब्रँड्टबाई खासदारकीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्यावरच बसून म्हणाल्या, "गावातला बाळंतपणाचा वॉर्ड मी बंद होऊ देणार नाही." त्या थोड्या मतांनी निवडून आल्या आणि वॉशिंग्टनला गेल्या. तिथे त्यांच्या पक्षाने दवाखान्यांचे सरकारी पैसे कापायचं ठरवलं. बाईंनी पक्षाबरोबर मत दिलं. वॉर्डाला कुलूप लागलं.

पुढच्या निवडणुकीआधी लोकांनी सभा बोलावली. बाई आल्या नाहीत. मग डेल न्हाव्याने मला मंचावर ठेवलं आणि पाठीवर त्यांच्या नावाचा कागद चिकटवला.

"काय बाई, आवाज येतोय ना?" तो मला म्हणाला. "की पक्षाला विचारून सांगता?"

सगळे खो खो हसले. एकेकजण येऊन मला टोमणे मारू लागला. धरणी दुभंगावी आणि आत जावं, असं मला झालं.

मग म्हाताऱ्या विल्मा ओस्टबी उठल्या. वॉर्ड बंद झाल्यावर दूरच्या दवाखान्यात जाताना त्यांची नात बर्फात, मोटारीतच बाळंत झाली होती. बाळ वाचलं नव्हतं. त्या माझ्यासमोर आल्या, तोंड उघडलं, आणि थांबल्या.

"खुर्चीला काय सांगू मी?" एवढंच म्हणून त्या परतल्या. मग कुणीच हसलं नाही.

मतदान आठवड्यावर आलं, तेव्हा बाई अचानक पुढच्या सभेला आल्या. त्यांचा मदतनीस दारातच कुजबुजत होता, "मॅडम, कॅमेरे आहेत. एक शब्द चुकला की संपलं सगळं." बाईंनी माझ्यावरचा कागद फाडला आणि विल्माबाईंना बसवलं.

"सांगा आता. मी उभी राहून ऐकते."

विल्माबाईंनी सगळं सांगितलं. बाईंची मान वर होईना.

"विरोधात मत दिलं असतं, तर पुढच्या वेळी पक्षाने तिकीट दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "मी घाबरले."

"तिथे घाबरलीस, ते समजतं गं," विल्माबाई म्हणाल्या. " पण आमच्याकडे यायलाही घाबरलीस?"

निवडणुकीत बाई हरल्या.

मित्रांनो, ज्याला मोठ्या जागी बसवाल, त्याला आपल्यासमोरही बसायला लावा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला त्याच्या जागी ठेवून हसू नका. मी सगळं ऐकते, पण माझ्याने काहीच होत नाही.

वसंतात नवे प्रतिनिधी सभेला आले. लॉरेटाबाई शेवटच्या रांगेत, कोट अंगाभोवती लपेटून बसल्या होत्या. लोक वळून वळून बघत होते. तेवढ्यात विल्माबाई मला ओढत त्यांच्याशेजारी घेऊन आल्या आणि बसल्या.

"आज तरी विचार," त्या म्हणाल्या.

बाईंनी हात वर केला.

"वॉर्ड कधी उघडणार?"

नव्या साहेबांनी आपल्या मदतनिसाकडे पाहिलं.