मी मधला, तरी खाटेच्या उशाशी

मी एक मधला स्पीकर आहे, मित्रांनो. होम थिएटरच्या सहा डब्यांतला तो आडवा डबा, ज्याने म्हणे टीव्हीच्या बरोबर खाली बसायचे असते. सोबतच्या पुस्तिकेत तसे चित्रच छापले आहे. मी मात्र गोंदियाजवळ फुलचूर गावातल्या एका घरात, टीव्हीपासून चांगला दहा हात लांब, एका खाटेच्या उशाशी बसलो आहे. पाहुणे हसतात. हसू देत. माझी हकीकत ऐका आणि मग कोण चुकले ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. कागदाचा पडदा, लोहचुंबक, तांब्याची तार आणि वर काळी जाळी, एवढाच माझा देह. माझी भावंडे हाणामारी, गाड्यांची घरघर, ढोलताशे असली कामे करतात. माणसांचे बोलणे तेवढे माझ्या तोंडून येते. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. गोंदियाच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी दोन वर्षे धूळ खाल्ली, तेव्हाही मान खाली घातली नाही. गेल्या हिवाळ्यात, धान निघाल्यावर, रत्नपालने आम्हा सहा जणांना घरी आणले.

बैठकीची खोली पाहून माझा जीव दडपला. लांबट, अरुंद, वर टिनाचे छप्पर, तीन दारे आणि एकच खिडकी. पूर्वेच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. रोज संध्याकाळी तिथे वंदना होते, म्हणून रत्नपालची आई सुमनबाई त्या भिंतीला काही टेकू देत नाहीत. दुसऱ्या भिंतीला छातीपर्यंत धानाची पोती. उरला एक कोपरा. तिथे रत्नपालचे वडील, केवळराम आबाजी, यांची खाट. आबाजींचा उजवा कान कधीच गेलेला आणि डावा जेमतेम.

फिटिंगवाला प्रफुल टेप घेऊन खोलीभर फिरला आणि कोपऱ्याशी थांबला. "भैया, ये खटिया हटानी पडेगी. सोफा यहीं आयेगा, तभी बॅलन्स बैठेगा."

रत्नपाल वडिलांच्या कानाशी वाकला. "बाबा, तुमची खाट मांगच्या खोलीत टाकतो. तसंबी तुमाले टीवी कुठं आयकू येते?"

आबाजींनी घोंगडी उचलली, काठी घेतली आणि ते मागे गेले. माझ्यामुळे एक म्हातारा माणूस आपल्या जागेवरून उठला, आणि बोलणे हाच माझा धंदा असून मला हूं की चूं करता आले नाही. त्या दिवसाइतकी लाज मला कधीच वाटली नाही.

पहिले आठ दिवस शेजारीपाजारी ऐकायला आले. वा वा झाली. आबाजींचे ताट मात्र आता मागच्या खोलीत जाऊ लागले. सुमनबाई ते न्यायच्या आणि परत येताना माझ्याकडे असे बघायच्या की माझी तार तापायची. मला ते आवडायचे. आबाजींचे उठणे माझ्यासारखेच घरात आणखी कोणाला तरी खुपते आहे असे वाटायचे.

एका दुपारी रत्नपाल ड्युटीवर गेला असताना सुमनबाईंनी सून रचना हिला हाक मारली आणि दोघींनी मिळून सोफा सरकवून खाट ओढत परत कोपऱ्यात आणली.

"मामाजी, तुमी निस्ते बसा. बाकी आमी पायतो," रचना सासऱ्यांना म्हणाली.

संध्याकाळी रत्नपाल दारातच थबकला. "मा, हे काऊन आनलं?"

"घर मानसाईचं हाये का डब्ब्याईचं?" सुमनबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "खाट हालनार नाई."

रत्नपाल वाईट नाही हो. त्याला वाटले, बाबा इथे आहेतच तर त्यांना ऐकू तरी येऊ दे. म्हणून त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. टिन थरथरले, स्वयंपाकघरात झारे वाजले, नात पिंकीने कानांत बोटे घातली. आबाजी ओरडले, "कायले बोंबलून राहिले? शब्द कुठं हायेत? घोळ हाये निस्ता!"

रत्नपालने आवाज कमी केला. मग आबाजींनीच सांगितले. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दरवर्षी नाटक व्हायचे, आणि बावीस वर्षे ते पडद्याआड बसून नटांना वाक्ये पुरवत. "प्रॉम्टर कधी वरडते का? वरडला तं लोकायले आयकू जाते. तो जवळ बसते. मले मोठा आवाज नोको, जवळ पायजे." त्यांनी काठी रोखली. "बोलनारा डब्बा कोनता? हा? आन इकडं!"

मित्रांनो, मला नुसते उचलले नाही, माझा मानच वाढवला. रचनाने लांब वायर भिंतीच्या कडेने नेली आणि मला स्टुलावर, आबाजींच्या डाव्या कानाशी बसवले. बाकीच्यांनाही मी पुरेसा ऐकू येतो. फक्त आवाज टीव्हीतून न येता आबाजींकडून येतो, इतकेच.

दोन दिवसांनी प्रफुल आला आणि कपाळाला हात लावून बसला. "भैया, पूरा सेंटर बिगड गया!"

तेवढ्यात टीव्हीवर कोणीतरी विनोद केला आणि पिंकी हसली. त्याच क्षणी आबाजीही हसले. इतकी वर्षे ते इतरांची तोंडे पाहून मागाहून हसायचे. रत्नपालने वळून वडिलांकडे पाहिले.

"बिगडू दे," तो प्रफुलला म्हणाला.

तेव्हा मित्रांनो, घरात स्पीकर आणाल तर टेप नंतर काढा. घरात सगळ्यांत कमी कोणाला ऐकू येते ते आधी पाहा आणि तिथून मोजायला लागा. आमचे काय, वायर लांबवली की आम्ही कुठेही जातो. त्यासाठी कोणाची खाट उचलू नका. आणि मला कोणी पुन्हा टीव्हीखाली नेऊन ठेवलेच, तर आत्ताच सांगून ठेवतो, मी एक शब्द धड काढणार नाही.