इंजिन बंद करू नकोस

अर्ध्या शहराला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची स्वतःचीच गाडी रस्त्यात बंद पडायची, आणि तिला ढकलायला त्यांचेच विद्यार्थी धावायचे. पण मुकाट ढकलतील तर शपथ.

"मास्तर, क्लच हळू सोडा हं!"

"आधी आरशात बघा मास्तर, मग घाबरा!"

मास्तर स्टिअरिंगमागे कानाच्या पाळीपर्यंत लाल.

गाडी काही साधीसुधी नव्हती. कोरी करकरीत एसयूव्ही, उंच, रुंद, ढगाच्या रंगाची. आयुष्यभर खिळखिळ्या शिकाऊ गाडीत बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारणाऱ्या माणसाने हौसेने घेतलेली. सकाळी गार असताना पाण्यावरच्या होडीसारखी चालायची. पण अंग तापलं आणि कुठे घटकाभर बंद केली, की बाईसाहेब रुसल्याच. मग राग निवेपर्यंत हूं नाही की चूं नाही. ओढून सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत निवायची आणि तिथल्या पोरांसमोर पहिल्या चावीला सुरू व्हायची. "आमच्याकडे तर छान चालते," ते म्हणायचे, जणू खोट मास्तरांच्या घरच्या वळणातच होती.

मास्तरांच्या बायकोने पुष्कळ सोसलं. मग एका दुपारी भर चौकात त्या उतरल्या, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. राग आला की त्यांच्या तोंडून यमकं बाहेर पडायची. तशी त्या दिवशीही पडली:

"गाडी उंच देखणी, उभी भर रस्त्यात,
धनी पुसतो आरसा, बाई चालते उन्हात."

तेव्हापासून मास्तरांच्या शेजारची जागा रिकामी. बाई बाजारात पायी जायच्या, बहिणीकडे बसने. "तुम्ही फिरा तुमच्या सवतीला घेऊन," असं वर ऐकवायच्या. मास्तरांना गाडी बंद पडण्याचं एवढं वाटत नव्हतं. शेजारून "अहो, हळू" म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून चालू गाडीतही रस्ता सरायचा नाही.

शेवटी ठरलं. ही द्यायची आणि दुसऱ्या कंपनीची घ्यायची. दुसऱ्या कंपनीच्या शोरूमवाल्यांनी कबूल केलं होतं, की जुनी निर्दोष निघाली तर बदल्यात तशीच मोठी मिळेल. बाईंनाही ते पटलं. "मी येते," त्या म्हणाल्या, "पण पायी."

शोरूमवर जुनी गाडी जोखायला एक तरुण पुढे आला आणि मास्तर चमकले. वळण आलं की डोळे मिटून घेणारा हा त्यांचाच विद्यार्थी!

"काय रे, डोळे उघडतोस ना आता?"

"एक तरी उघडतो, मास्तर. चला, फेरी मारून येऊ."

मास्तरांनी मनाशी पक्कं केलं. तोंड म्हणून उघडायचं नाही. बायको परत शेजारी बसायची असेल, तर जीभ दातांखाली ठेवायची. तरी वाटेत, आपल्या बाजूला ब्रेक नसतानाही, त्यांचा पाय दाबला जातच होता. पोरगा बराच फिरला, इंजिन चांगलं तापलं, आणि नेमकं चढावर रेल्वेचं फाटक लागलं. मागे विटांनी भरलेला ट्रक येऊन टेकला. पोराने चावीकडे हात नेला.

"बंद करू नकोस!" मास्तर कडाडले. "चढ आहे, मागे ट्रक आहे, इंजिन तापलंय! ही आत्ता झोपली तर तासभर उठत नाही! गाडी हातात घेण्याआधी तिची खोड जाणून घ्यावी, हजारदा शिकवलंय तुला!"

पोराने चावीकडे नेलेला हात परत स्टिअरिंगवर ठेवला. आपण काय बोलून बसलो, ते मास्तरांच्या आता ध्यानात आलं. सारवासारव करता आली असती. पण पोराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर अगदी शिकवल्या जागी होते, आणि त्या हातांसमोर खोटं बोलायला जीभ वळेना.

"खरं आहे ते," मास्तर पुटपुटले. "ही अशीच आहे."

पोरगा हसू लागला. "माहीत आहे, मास्तर. या मॉडेलची रांग लागलीय आमच्या मागच्या आवारात. या फाटकाशी येऊन मी चावीला हात लावला की प्रत्येक मालकाला काहीतरी होतं. एकाला उचकी लागली. एकाने माझा हातच धरून ठेवला, म्हणाला तुझं भविष्य बघतो. सरळ सांगणारे तुम्हीच पहिले."

"म्हणजे घेणार नाही?"

"घेऊ की. पण दुखणं ते दुखणंच. तिच्या बदल्यात मोठी नाही जमणार. छोटी मिळेल."

मास्तरांचा चेहरा पडला. मोठीसाठी बायको बिचारी एवढं चालत आली होती. आता सांगायचं कुठल्या तोंडाने? ते शोरूममध्ये शिरले, तर एका इवल्या लाल गाडीपाशी सेल्समन घाम पुसत उभा होता.

"काका, काकू उतरतच नाहीत."

आत बाई चपला काढून, पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या होत्या.

"अगं, मोठीचं फिसकटलं," मास्तर खिडकीशी वाकले. "बोलून बसलो मी."

त्यांनी फाटकाची सगळी हकीकत सांगितली. बाई इतक्या हसल्या की गाडी हलली.

"शिकवल्याशिवाय राहवतं होय तुम्हाला! आणि मोठी हवी होती कुणाला? तिच्यात चढायला शिडी लागायची. इथे बघा, पाय खाली टेकतात माझे. बसा."

मास्तर दुसऱ्या दाराने आत आले आणि शेजारी बसले. गुडघे वर आले, पण खांद्याला खांदा लागला.

"जायचं का?" बाई म्हणाल्या.

"अजून चावी कुठे मिळालीय? चालू नाही व्हायची."

"मग बसू थोडा वेळ तसंच. बंद गाडीत बसायची तर आपल्याला सवय आहे."