उशीजवळचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. पण विजेच्या बिलाचा नव्हे. तो भिंतीवर बसून नुसता गरगर फिरतो आणि लोकांच्या शिव्या खातो. मी हातात मावणारा, काळ्या डबीसारखा आहे. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती एक चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. ते किती आहे, एवढेच मी सांगतो. त्याहून जास्त मला कळत नाही, आणि कळते असा आव मी कधी आणला नाही.

माझा जन्म एका छोट्या कार्यशाळेत झाला. केसासारख्या बारीक तारेच्या तीन गुंडाळ्या एका बाईंनी भिंगाखाली बसून माझ्या पोटात बसवल्या. तीन दिशांना तीन, म्हणजे मला कसेही धरले तरी माझा आकडा चुकू नये. मग वीज सोडलेल्या तारेच्या मोठ्या कड्यांमध्ये, जिथले क्षेत्र आधीच ठाऊक होते, तिथे ठेवून माझी परीक्षा घेतली. मी पहिल्या खेपेला पास झालो, याचा मला थोडा गर्व आहे.

मला विकत घेतले ते एका संशोधक बाईंनी. त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता. ज्या घरांतल्या लहान मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला, त्या घरांत हे क्षेत्र जास्त असते का? पूर्वी काही अभ्यासकांना असा अंधुक संबंध दिसला होता, पण हेच कारण आहे असे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हते. म्हणून बाईंनी आजारी मुलांची काही घरे निवडली आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांचीही निवडली. दोन्हीकडे मला न्यायचे, प्रत्येक घरात दोनदा.

बाईंचे नियम कडक होते. मला पलंगाच्या मधोमध, उशीवर आणि खोलीच्या मध्यभागी ठेवायचे. प्रत्येक जागी पाच मिनिटे थांबायचे आणि सरासरी लिहायची. शिवाय मला नेणाऱ्याला घर आजारी मुलाचे की निरोगी, हे कळता कामा नये.

मला नेणारे होते वायरमनकाका. उभा जन्म खांबावर चढण्यात गेलेला, आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून जमिनीवर आलेला माणूस. मला ते मऊ कापडात गुंडाळून नेत. माझ्या पडद्यावर धुळीचा कण दिसला तर स्वतःच्या सदऱ्याने पुसत. एवढे लाड माझे नंतर कोणी केले नाहीत.

पण घर कोणाचे हे त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती. दारात पाय ठेवताच कळायचे. फ्रिजवर औषधांच्या वेळा लिहिलेला कागद असायचा. घरातसुद्धा टोपी घातलेले मूल असायचे. त्यांचा जीव तुटायचा. मग अशा घरांत ते मला जरा जरा सरकवत, भिंतीशी नेत, आकडा चढेल तिथे थांबत आणि तोच आकडा उशीच्या रकान्यात लिहीत. त्यांना वाटे, या आईबापांना निदान काहीतरी कारण तरी मिळेल. खरे सांगतो, मला ते आवडत नव्हते. पण मला बोलता येत नव्हते आणि माझा आकडा तर खरा होता.

एका घरात सहा वर्षांची छोटी होती. तिच्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे जिना होता आणि तिथे साऱ्या इमारतीच्या मीटरांचा बोर्ड होता. काकांनी मला भिंतीला टेकवले. आकडा भराभर चढला. छोटीच्या आईने किती ते विचारले. सांगायचे नसते हे काकांना ठाऊक होते, तरी ते बोलून गेले.

"भिंतीकडे बराच जास्त आहे, ताई."

आईने भिंतीकडे पाहिले. मग म्हणाली, "पलंग मीच इथे आणला. खिडकीतून गार वारा येत होता म्हणून."

 काकांनी मला गुंडाळले आणि ते खाली उतरले.

महिन्याने दुसऱ्या मोजणीसाठी आम्ही पुन्हा तिथे गेलो. पलंग भिंतीपासून ओढून काढलेला होता आणि त्यावर कोणी झोपत नव्हते. छोटीची गादी स्वयंपाकघरात आली होती. आईचे डोळे खोल गेले होते. छोटीने काकांना हळूच सांगितले की आई आता झोपतच नाही, रात्रभर तिच्याकडेच बघत बसून राहते. त्या दिवशी काकांनी मला पिशवीतून बाहेरही काढले नाही. ते तडक बाईंकडे गेले आणि त्यांनी सगळे कबूल केले.

बाईंनी किती घरांत असे झाले ते विचारले. जिथे आजारी मूल दिसले त्या प्रत्येक घरात, असे काका म्हणाले. दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती. बाई चिडल्या नाहीत, आणि काकांना तेच जास्त लागले.

"तुम्ही खोटं लिहिलं नाहीत," बाई म्हणाल्या, "पण तुम्हाला हवं होतं तिथेच पाहिलंत."

त्यांनी मोजणीच्या वहीत पानापानावर तिरकी रेघ मारली. पुढे सगळी घरे नव्याने मोजली गेली, दुसऱ्या माणसाच्या हातून. पण त्याआधी बाई आणि काका मला घेऊन छोटीच्या घरी गेले.

काकांनी आईपुढे हात जोडले. "ताई, मी यंत्र भिंतीला चिकटवलं होतं. भिंतीला चिकटून कोणी झोपत नाही. माझं चुकलं."

पलंग पुन्हा त्या भिंतीकडे, आधी होता तसाच लावला. उशी भिंतीपासून हातभर अंतरावर आली. मला त्या उशीवर ठेवले. नियमाप्रमाणे पाच मिनिटे सगळे थांबले. मित्रांनो, आयुष्यात हजारो वेळा मी मोजले असेन, पण त्या दिवशी मला भीती वाटली. आकडा मोठा आला असता तर मला तोच दाखवावा लागला असता.

तो लहान आला. बाईंनी मला उचलले आणि माझा पडदा आईकडे वळवला. निरोगी मुलांच्या घरांतही असेच आकडे येतात, हे त्यांनी तिला सांगितले.

"मग हिला कशामुळे झालं?" आईने विचारले.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "अजून कोणालाच नक्की माहीत नाही. पण तुम्ही पलंग हलवलात म्हणून झालं, असं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही."

आई पलंगावर बसली. मग उशीला हात लावून पाहिला, आडवी झाली, आणि आम्ही सगळे उभे असताना, भर दुपारी, तिला गाढ झोप लागली. काका काहीतरी बोलू लागले तशी छोटीने ओठांवर बोट ठेवले आणि स्वतःची टोपी सावरत आईच्या पायांवर चादर ओढली.

आता नवे मीटर आले आहेत. ते मुलांच्या खिशात बसून दिवसभराची नोंद आपली आपण ठेवतात. मी कपाटात पडून असतो, माझ्या पडद्याला तडा गेला आहे. मला पुसा, सांभाळा, असे म्हणण्याचे माझे वय राहिले नाही. एवढेच सांगतो, उद्या तुमच्या हातात माझ्यासारखे एखादे यंत्र आले तर त्याला ठरलेल्या जागी ठेवा आणि दिसेल तेच लिहा. कोणाची कीव आली तरी आकड्याला हात लावू नका. त्या आकड्याची वाट पाहत एखादी आई जागी बसलेली असते.