चौथ्या मजल्याचा वारा

वारेवालीने पातळ कागदाची पट्टी जाळीसमोर धरली आणि श्वास रोखला. पट्टी सरळ खाली लोंबत राहिली. हलायचं नाव घेईना.

"जरा वरच्या बाजूला धरून बघा ना," गेलेल्या आजोबांची लेक म्हणाली. ती खोक्यात त्यांचे सदरे भरत होती.

वारेवाली स्टुलावर चढली. तिथेही तेच. खोलीत एक्केचाळीस अंश होते. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेले आजोबा अकरा दिवसांपूर्वी याच खोलीत उष्म्याने गेले होते. सापडले तेव्हा डोक्यावर पंखा गरगरत होता आणि तीच तापलेली हवा ढवळत होता.

ही इमारत वारेवालीने आखलेली. ती आर्किटेक्ट; वारेवाली हे नाव तिला धंद्यातल्या लोकांनी दिलेलं, निम्मं कौतुकाने, निम्मं टिंगलीने. एसीशिवाय चार मजले गार ठेवून दाखवते, असं म्हणत तिने भल्याभल्यांशी वाद घातला होता. युक्ती साधी होती. जमिनीत पुरलेल्या नळांतून हवा गार होऊन यायची, घरांच्या मधून गेलेल्या दोन फुटी उभ्या पोकळीतून वर चढायची, जाळ्यांमधून घराघरात शिरायची आणि उरलेली गच्चीवरच्या धुराड्यातून निघून जायची. तीन उन्हाळे सगळं सुरळीत चाललं. आता उद्या चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. बाईच्या हट्टापायी म्हातारा गेला, असं लोक उघड बोलत होते. समितीची तिला भीती नव्हती. अकरा दिवस घास गिळवत नव्हता तो वेगळ्याच विचाराने: लोक म्हणतात ते खरंच असलं तर?

"बाबांनी कधी तक्रार केली नाही हो," लेक म्हणाली. "फोनवर विचारलं की म्हणायचे, मस्त वारा येतो. मी आपली निर्धास्त."

"जाळी उघडीच असू दे," वारेवाली म्हणाली. "मी खालच्या घरात बघून येते."

तिसऱ्या मजल्यावरचं दार शिलाईवालीने उघडलं. गळ्यात टेप, डाव्या मनगटाला बँडेज. मशिनशेजारी शर्टाच्या कॉलरींची चळत होती.

"वाऱ्याची जाळी बघायची होती."

"ती बंदच असते. झुरळं येतात."

जाळी कपाटामागे होती. शिलाईवाली नको नको म्हणत राहिली, पण आडवी आली नाही. वारेवालीने कपाट सरकवलं, स्क्रू काढले, जाळी उतरवली आणि टॉर्च मारला. पोकळीत दुहेरी घडी केलेली गादी आडवी कोंबलेली होती, गच्च, चारही भिंतींना चिकटून. तिने भिंतीला पाय लावून ती ओढली. हिसक्यासरशी गादी बाहेर आली आणि पाठोपाठ हवा. गार, किंचित ओलसर, मातीच्या वासाची हवा सळसळत वर निघाली.

वारेवालीचा जीव भांड्यात पडला. एक माणूस गेलेला असताना तिला चक्क आनंद झाला. तिने भराभर फोटो काढले.

"मॅडम!" वरून लेकीची हाक आली, शेजारच्या खोलीतून यावी इतकी स्पष्ट. "आला, वारा आला!"

वारेवाली हसत वळली. शिलाईवाली मशिनच्या स्टुलावर बसून त्या उघड्या भोकाकडे बघत होती.

"गादी कोणी घातली?"

"ऐकू जातं ना इथून," शिलाईवाली म्हणाली. "सगळं."

"काय ऐकू जातं?"

तिने बँडेजवर हात ठेवला. "आमच्याकडचं. यांचा हात चालायला लागला की आजोबा वरून जाळीवर पेला आपटायचे. आणि ओरडायचे, अरे, पुरे आता! मग हे थांबायचे. दोन वर्षं त्या पेल्याने वाचवलं मला. शेवटी यांनी चिडून गादी कोंबली."

वारेवालीने वाऱ्याचा वेग मोजला होता, भिंतींची जाडी, उन्हाचा कोन, सगळं मोजलं होतं. माणसांचा आवाज तिच्या डोक्यातसुद्धा आला नव्हता.

"मग पेला ऐकू येईनासा झाला?"

"अगदीच नाही. बारीक यायचा." शिलाईवालीने एक कॉलर उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "ते गेले त्या दुपारी वाजवत होते. बराच वेळ. हे कामावर होते, मी एकटीच शिवत बसले होते. मला तर हसू आलं. मोठ्याने म्हणाले पण, आजोबा, आज काही नाही हो, आज मी बरी आहे. गादीतून त्यांना कुठलं ऐकू जायला."

ती थांबली. "मला वाटलं, माझ्यासाठीच वाजवतायत."

वारेवालीने मोबाइल खिशात टाकला.

"उद्या सांगणार तुम्ही?"

"सांगावं लागेल. अशाच आणखी दोन इमारती उभ्या राहतायत."

"सांगा. पण गादी मी घातली म्हणून सांगा, झुरळांसाठी. यांचं नाव निघालं तर माझं काही खरं नाही." तिने घड्याळ पाहिलं. "साडेपाचला येतात. त्याआधी सगळं होतं तसं लागायला हवं. एका हाताने मला नाही जमायचं."

"माझ्याबरोबर चला," वारेवाली म्हणाली.

"कुठे?"

तिने खोचून नाही विचारलं, खरंच विचारलं. वरच्या घरात आता राहतंय कोण, असं स्वतःला समजावत वारेवालीने गादीची घडी घातली आणि पोकळीच्या तोंडाशी नेली.

"किती वेळ?"

आवाज वरून आला. हळू होता, तरी शब्द न् शब्द कळत होता. दोघी जागच्या जागी थिजल्या. वर जाळी उघडी होती. वारेवालीनेच उघडी ठेवायला सांगितली होती.

"ताई, मी ऐकलं सगळं," लेक म्हणाली. "बाबा किती वेळ वाजवत होते?"

शिलाईवाली चळतीकडे बघत राहिली. मग उठून पोकळीपाशी आली आणि मान वर करून म्हणाली,

"सात कॉलरी झाल्या माझ्या तोवर."

हवा तेवढी जात राहिली, दोघींच्या चेहऱ्यांवरून. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. शिलाईवालीने वारेवालीच्या दंडाला हात लावला.

वारेवालीने गादी आत लोटली. आधी कोपरे, मग मधला भाग गुडघ्याने. पोकळीचं माप तिला तोंडपाठ होतं. कुठेही फट राहिली नाही.