बोळ्यांच्या दोन जोड्या

नवऱ्याच्या पँटच्या डाव्या खिशातून बोळ्यांच्या दोन जोड्या निघाल्या. कानात घालायचे, फोमचे. एक जोडी पिवळी, एक निळी. खिसेबाईंनी त्या तळहातावर घेतल्या आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपली कटकट ऐकू येऊ नये म्हणून हा माणूस आता कानात बोळे घालून बसतो.

लाँड्रीत सगळे त्यांना खिसेबाईच म्हणत. कपडे मोठ्या यंत्रात जाण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून बघणं हे त्यांचं काम. परक्यांचे खिसे तपासता तपासता त्यांचं मत पक्कं झालं होतं, की माणूस तोंडाने काहीही सांगू दे, खरं काय ते खिशात असतं. घरीही ही सवय सुटली नव्हती.

पण मग दोन जोड्या कशाला? एक याची, दुसरी कोणाची?

संशयाला जागा होतीच. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून एका खासगी रॉकेट कंपनीच्या मागे लागला होता. आज इंजिनाची चाचणी झाली, आज टाकी भरून पाहिली, उड्डाणाची तारीख ठरली, तारीख बदलली. सकाळच्या चहाबरोबर या बातम्या बाईंना ऐकाव्याच लागत. अलीकडे तो बाल्कनीत जाऊन फोनवर कुजबुजायचा आणि बाईंची चाहूल लागली की हवापाण्यावर बोलायला लागायचा.

आणि कंपनी तरी कुठली? याच कंपनीपायी त्यांच्या एकुलत्या एक लेकीने पाणीपुरवठा खात्यातली कायमची नोकरी सोडली होती. त्या दिवशी बाईंचा पारा चढला होता. "लबाड आहेत ते लोक. रॉकेट उडवून दाखव, मगच या घरात पाय ठेव," असं त्यांनी दारातच सुनावलं. लेक आईवर गेलेली. तिने शब्द धरून ठेवला. पहिलं रॉकेट समुद्रात पडलं. दुसरं तांत्रिक कारणास्तव पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. तांत्रिक कारण या शब्दांची किंमत बाईंना चांगली ठाऊक होती. त्यांचा नवरा लिफ्टवर तीच पाटी लटकवून चहाला जात असे.

लेकीला हाकललं त्याच संध्याकाळी त्यांना पश्चात्ताप झाला होता. पण आपणहून फोन करायचा म्हणजे नाक घासत जायचं, आणि ते काही त्यांना जमलं नाही.

त्यांनी दोन्ही जोड्या टेबलावर नवऱ्यासमोर ठेवल्या.

"हे काय आहे?"

"बोळे."

"ते दिसतंय मला. कोणाचे?"

लिफ्टवाल्याने सगळं सांगून टाकलं. बोळे लेकीने पाठवले होते. उड्डाणाच्या दिवशी घरच्यांना बसायला जागा असते, तिथे तिने दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. आवाज फार होतो. बायकोला विचारायचा धीर होत नसल्याने बोळे त्याच्या खिशातच राहिले. बाल्कनीतली कुजबुजही तिच्याशीच होती.

"म्हणजे तुम्ही दोघं एक, आणि वेडी मी एकटी," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"निळे तुझे," तो हळूच म्हणाला. "यंत्रांच्या आवाजाने तुझा उजवा कान ठणकतो ना. ती म्हणाली, पिवळे आईला टोचतील."

बाईंचा यावरही विश्वास बसेना. त्यांनी पिवळा बोळा चिमटीत दाबून पाहिला, मग निळा, मग पुन्हा पिवळा. निळा खरंच मऊ होता.

तेवढ्यात फोनवर निरोप आला. तो वाचता वाचता लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला.

"ढकललं पुढे. कसलीशी झडप नीट बंद होत नाहीये."

"आता कधी?"

"तारीख नंतर कळवणार."

"मी म्हटलं नव्हतं?" हे शब्द बाईंच्या अगदी ओठावर आले होते. ते त्यांनी गिळले. दर वेळी रॉकेटबरोबर लेकीचं घरी येणंही पुढे जात होतं, आणि ती अट काही कंपनीने घातली नव्हती.

"लावा फोन," त्या म्हणाल्या.

"बाबा, कळलं ना तुम्हाला?" पलीकडून लेकीचा दमलेला आवाज आला. "आईला विचारलं नसेल तर आता राहू द्या."

"मी बोलतेय."

पलीकडे मागे कोणीतरी कोणाला तरी आकडे वाचून दाखवत होतं.

"आई, ते उडणार आहे. खरंच. या वेळी फक्त ती झडप..."

"उडेल तेव्हा उडेल. रविवारी मला सुट्टी असते. मळके कपडे घेऊन ये. तिकडे धड धुतले जात नसतील."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"बरं," लेक म्हणाली. "खिसे रिकामे करून आणते."

"नको," खिसेबाई म्हणाल्या. "ते माझं मी बघते."

फोन ठेवून त्यांनी पिवळी जोडी नवऱ्याच्या पँटच्या खिशात परत ठेवली. मग पँट धुवायची आहे हे आठवून पुन्हा बाहेर काढली. निळी त्यांच्या मुठीतच होती.