खोल बाजूला बाबा

माझं चष्म्याचं दुकान आहे. चाळिशी उलटलेली माणसं येतात, मोबाईल हातभर लांब धरतात आणि म्हणतात, "हल्ली अक्षरंच फार बारीक झालीत." मी मान डोलावतो आणि फ्रेमचा ट्रे पुढे सरकवतो. मी स्वतः पन्नाशीच्या उंबऱ्यावर. आता आपल्या आयुष्यात नवीन काही घडायचं नाही, जे काय घडायचं ते मुलीच्या आयुष्यात, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मुलगी एकोणीस वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. यंदा तिला तरण तलावावर मोठ्यांना पोहायला शिकवण्याचं काम मिळालं. त्याच संध्याकाळी चपलाही न काढता ती ओरडली, "बाबा, सोमवारपासून तू माझ्या बॅचला. तुझं नाव घालून आलेय!"

बायको शाळेत भूमिती शिकवते. ती वह्या बाजूला ठेवून हसतच सुटली. "अगं, हे बादलीतसुद्धा काठाकाठाने तांब्या बुडवतात!"

खरंच होतं ते. पाण्याची मला लहानपणापासून धास्ती. भिंगरी पोहायला शिकली तेव्हा मी वर्षानुवर्षं बाकावर टॉवेल घेऊन बसलो. बाप म्हणजे काठावर टॉवेल घेऊन बसणारा माणूस, अशी माझी पक्की समजूत होती.

सोमवारी कमरेएवढ्या पाण्यात आम्ही पाच जण दाटीवाटीने उभे राहिलो. इतरांना भिंगरी गोड आवाजात सांगायची, "काका, पाय सरळ ठेवा हं." माझ्या वाट्याला मात्र, "बाबा! सायकल चालवतोयस का?" शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

मग तिने मला पाठीवर झोपायला सांगितलं. माझ्या मानेखाली तिने तळवा धरला. तान्ही असताना तिला अंघोळ घालताना मी अशीच तिची मान धरायचो, साबणाने निसटेल म्हणून श्वास रोखून. आता तिच्या तळव्यावर माझं टकलाकडे झुकलेलं डोकं.

"हात काढतेय," ती म्हणाली.

"थांब, थांब!"

"काढला."

आणि मी तरंगलो! मी, सत्त्याऐंशी किलोंचा माणूस, पानासारखा तरंगलो! दुकानात दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते सांगत सुटलो. एकजण नंबर न तपासताच निघून गेला.

उन्हाळा सरता सरता खोल बाजू ओलांडायची वेळ आली. बायको मुद्दाम सुट्टी काढून बघायला आली. चष्मा तिच्या हातात दिल्यावर माझं जग धूसर झालं. पलीकडची भिंत दिसेना, दिसत होती फक्त शेजारी पोहणाऱ्या भिंगरीची पिवळी टोपी.

निम्म्यापर्यंत छान गेलो. मग श्वास चुकला आणि नाकातोंडात पाणी गेलं. पाय खाली सोडले, तर खाली काहीच नाही! हात वेडेवाकडे चालू लागले.

"बाबा, पाठीवर वळ! मी आहे इथे! वळ!"

तो आवाज ऐकला आणि माझी भीती क्षणभर बाजूलाच राहिली. आवाज शिक्षिकेचा नव्हता. तो फाटला होता, थरथरत होता. लहानपणी भिंगरी जिन्याच्या कठड्यावर चढली होती तेव्हा माझ्या तोंडून निघालेला आवाज होता तो. पोरगी माझ्यासाठी घाबरली होती. हात लांबवला असता तर मी सापडलो असतो, पण ती हात आवरून होती. मी स्वतः वळावं म्हणून.

मी वळलो. कान पाण्यात गेले आणि सगळं शांत झालं. वर उजेडाचा मोठा पांढरा डाग. छाती भात्यासारखी हलत होती आणि त्या धापांच्या मधोमध मला कसला आनंद झाला म्हणून सांगू! आजवर मी तिच्या निकालांवर, तिच्या बक्षिसांवर खूश होत आलो. तो आनंद खोटा नव्हता, पण तिच्याकडून आलेला होता. हा माझा होता, माझ्या स्वतःच्या फुफ्फुसातला!

श्वास जागेवर आला. पालथा झालो, हात मारले, मारतच राहिलो आणि बोटं फरशीला लागली. भिंत!

मी अशी आरोळी ठोकली की तलावावरची सगळी माणसं वळून बघू लागली. बायको काठाने पळत आली, एका हातात माझा चष्मा, दुसऱ्या हाताने डोळे पुसत. भिंगरीने माझ्या खांद्यावर एक बुक्की मारली.

"माझा जीव गळ्याशी आला होता! कळतंय का तुला?"

"कळतंय," मी म्हणालो. "तू झाल्यापासून कळतंय."

मग पाण्यातच तिने मला मिठी मारली, तीही इतकी घट्ट, की आम्ही दोघंही बुडायला आलो.

"पुरे आता, बाहेर या," बायको म्हणाली. "ओठ निळे पडलेत. चष्मा घाला आधी."

"ठेव तुझ्याकडेच," मी म्हणालो. "भिंगरे, परत पलीकडे जाऊया?"

तिने हो म्हणायच्या आतच मी भिंतीला पाय लावले होते.