एक बोट जास्त

पहिले काही दिवस बंदराने उन्हाचं कौतुकच केलं. वर्षाचा बहुतेक काळ ढगांखाली काढणारी ही माणसं. ऊन पडलं की हातातलं काम टाकून खुर्च्या बाहेर ओढायची. ‘ऊन फुकट घालवू नये’ हे इथे पानातलं अन्न टाकू नये इतक्या गांभीर्याने सांगितलं जाई. घरांच्या भिंती जाड, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या, निम्म्या खिडक्या तर रंगाने कायमच्या चिकटलेल्या. दुकानांत हीटर तऱ्हेतऱ्हेचे मिळत. पंखा मागितला तर दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघे.

मग ऊन आलं ते जायलाच तयार होईना. दुकानाच्या काचेमागच्या मेणबत्त्यांनी माना टाकल्या. रस्त्याचं डांबर चपलेबरोबर उचलून येऊ लागलं. समुद्रपक्षी ओरडायचे थांबले आणि चोची उघड्या टाकून धक्क्याच्या सावलीत बसून राहिले. खुर्च्या हळूहळू आत गेल्या. त्यांच्यामागे माणसं गेली आणि सवयीप्रमाणे दारं घट्ट लावून बसली.

खाडीवर एक फिरता पूल होता. पाण्याच्या मधोमध दगडी खांब, खांबावर आडवा लांबलचक लोखंडी सांगाडा आणि त्याच्या मध्यावर पूलवाल्याची काचेची केबिन. उंच डोलकाठीची बोट आली की पूलवाला दांडा ओढी. मग केबिनसकट सगळा पूल घड्याळाच्या काट्यासारखा फिरून खाडीला समांतर होई. बोट गेली की परत आडवा, की दोन्ही काठांचे रस्ते जोडलेले. पूल काळ्या रंगाचा होता. हिवाळ्यात सूर्य दिसलाच तर तेवढीच ऊब धरावी, वरचा बर्फ लवकर वितळावा, म्हणून कुणीतरी शहाण्याने तो काळा रंगवायचं ठरवलं होतं.

पूलवाल्याच्या आधी हा पूल त्याच्या दादाने सांभाळला होता. रोज सकाळी पुलाच्या टोकाशी जायचं, पूल आणि रस्ता यांच्यामधल्या फटीत बोटं घालायची आणि कचेरीला कळवायचं, ही रीत दादाचीच. गारठ्यात तीन बोटं, एरवी दोन. मध्यंतरी कचेरीने मोजायचं यंत्र बसवलं. ते खाऱ्या हवेने गंजलं. बोट काही गंजलं नाही. पूलवाला अंगाने किडकिडीत, म्हणून दादा त्याला लहानपणापासून ‘काडी’ म्हणे. पूल ताब्यात देताना त्याने धाकट्याचं बोट उलटसुलट करून पाहिलं होतं.

“काडी, तुझं एक बोट म्हणजे माझं अर्धं. कळवताना लक्षात ठेव.”

“मग काय, ‘दोन बोटं, पण दादाची नव्हेत’ असं कळवू?”

“कळव. खोटं तरी होणार नाही.”

त्या सकाळी फटीत एकच बोट गेलं, तेही काडीचं, तेही कातडं खरवडून. पूलवाल्याने ते चोखत कचेरीला कळवलं, “एक बोट.” सकाळचा निरोप घेणारा कारकून जुना होता. त्याने “अरेच्चा!” म्हटलं आणि टिपून घेतलं.

भर दुपारी धान्याची बोट आली. तिच्यासाठी पूल उघडला, बोट गेली. तेवढा वेळ पूल खाडीच्या मधोमध उन्हात उताणा पडून होता. पूलवाल्याने दांडा उलटा ओढला. पूल वळला, काठाजवळ आला, आणि पलीकडच्या टोकाकडून एक आवाज झाला. मोठा नव्हे. दातावर चमचा लागावा एवढाच. पण पूलवाल्याच्या पाठीतून तो वरपर्यंत गेला. त्याने लगेच पूल मागे घेतला. मध्ये आठ-दहा हात पाणी ठेवून तो थांबवला आणि टोकाकडे धावला. पुलाच्या कोपऱ्यावरचा रंग सोलला गेला होता. काठाच्या लोखंडी कडेवर तोच काळा ओरखडा. त्याने ओरखड्याशेजारी बोट आडवं धरून पाहिलं.

फट भरून पूल वर एक बोट वाढला होता.

लोखंड उन्हात वाढतं हे त्याला शाळेपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. शेकडो माणसांचं, गाड्यांचं ओझं पेलणारी ही वस्तू, जिला तो रोज मेलेलं लोखंड समजून बूट आपटत चालायचा, ती त्याच्या नाकासमोर, कुणाला न विचारता, लांब झाली होती. खाली वाकून त्याने तळवा टेकला आणि ओरडून उचलला.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

“भावोजी, पूल लावा हो लवकर. आम्ही पलीकडे उभे आहोत, ॲम्ब्युलन्समध्ये.”

पूलवाल्याने मान वर केली. पलीकडच्या काठावर पांढरी गाडी दिसत होती.

“कोण? दादा?”

“सकाळपासून खिडकीत उन्हाला बसले होते. म्हटलं, उठा आता. तर म्हणे, एवढं ऊन आलंय, फुकट घालवू? आता घामच थांबलाय. अंग तव्यासारखं झालंय. आणि मला... मला ‘आई’ म्हणून हाका मारतायत.”

“गाडीत थंड हवा लावायला सांगा ना.”

“गाडीत हीटर आहे,” वहिनी म्हणाली. “थंडचं काही नाहीच. कधी लागलंच नाही म्हणे.”

हॉस्पिटल अलीकडच्या काठावर होतं. खाडीवरचा दुसरा पूल लांब, आणि तिकडे डांबर उकलून गाड्या रुतल्याचं सकाळीच कळलं होतं. धक्क्याची भिंत सरळसोट. पाण्यापर्यंत उतरायला नुसती लोखंडी शिडी, तिला हात लावायची सोय नाही. आडवा माणूस त्यावरून न्यायचा कसा? म्हणजे हा पूल, नाहीतर काही नाही.

पूलवाल्याने वॉकीटॉकी उचलला. उन्हाने तोही खरखरत होता.

“कचेरी, फिरता पूल बोलतोय. एक बोट जास्त! ऐकू येतंय का? एक बोट जास्त. पाणी पाहिजे, भरपूर पाणी, बंब पाठवा!”

दुपारच्या पाळीला नवा साहेब होता. त्याच्या कानापर्यंत पोचले ते तीन-चार शब्द.

“एक बोट जास्त? बरं... पाणी? किती पाणी?”

“भरपूर!”

“बापरे. थांबा, पाठवतो.”

पूलवाल्याला हायसं वाटलं. तोवर त्याने केबिनमधली बादली दोरीला बांधून खाडीत सोडली आणि पुलाच्या टोकावर ओतली. पाणी चुर्र झालं. डाग पडला, आकसला, गेला. दुसरी बादली, तिसरी. ओतून वळेपर्यंत लोखंड कोरडंठाक. एवढ्या लांबीच्या काळ्या लोखंडापुढे ती बादली म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरं.

दोन्ही काठांवर गाड्या साचल्या होत्या. माणसं उतरून ओरडत होती.

“ओ पूलवाले, झाडांना घालताय का पाणी?”

“अहो, रेटा जरा! बसेल घासून!”

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर काठाशी येऊन उभा राहिला. आठ-दहा हात पाण्यापलीकडून तो बोलला तरी ऐकू येत होतं.

“एवढंसं तर अडतंय. मोटरमध्ये ताकद नाही का? द्या धक्का!”

“ताकद आहे,” पूलवाला म्हणाला.

“मग? आत माणूस चाललाय हातचा!”

“माझाच भाऊ आहे तो.”

ड्रायव्हर गाडीकडे परत गेला.

मोटर खरंच दांडगी होती. जोर लावला असता तर पूल काठाच्या कडेत शिरलाही असता, कदाचित. नाहीतर अर्ध्यावर पाचरीसारखा बसला असता, आणि मग तो ना उघडला असता ना लागला असता. लोखंडाशी कुस्ती करायची नाही, असं दादा म्हणे. ते हरत नाही, नुसतं अडकून बसतं. पूलवाला दांड्याशी गेला, त्यावर हात ठेवला. दांडा फडक्याने धरावा लागत होता. त्याने काचेतून पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मग हात काढला आणि पुन्हा बादली उचलली. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं, आणि बघणाऱ्याला तो काहीच करत नाही असं दिसत होतं.

रस्त्यावर बंबाचा पत्ता नव्हता. आवाज आला तो पाण्यावरून. बंदराची टग, दुसऱ्या जहाजांना ओढणारी बुटकी, रागीट बोट, फेस उडवत खाडीत शिरली. पुढच्या टोकाशी तिची कप्तान उभी होती. सगळं बंदर तिला टगवाली म्हणे, तिच्या नवऱ्यासकट.

“कुठाय?” तिने कर्ण्यातून विचारलं.

“काय कुठाय?”

“जास्तीची बोट! साहेब म्हणाले एक बोट जास्त झालीय, तिच्यात पाणी शिरलंय. मोठा पंप घेऊन आलेय. बुडाली की काय?”

पूलवाल्याने खरवडलेलं बोट उंच केलं.

“ती बोट नव्हे हो! ते बोट! हे!”

टगवालीने बोटाकडे पाहिलं, पुलाच्या सोललेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, काठावरच्या ओरखड्याकडे पाहिलं. कर्णा बंद करायला ती विसरली, त्यामुळे तिने साहेबाला काय म्हटलं ते दोन्ही काठांना ऐकू गेलं. अलीकडे हशा पिकला. मग ती म्हणाली, “पंप पाणी काढतो तसं मारतोही. किती मारू?”

“सगळं. टोकापासून टोकापर्यंत. आणि खालून ओढा, तळातलं. वरचं कोमट झालंय.”

“मला नका शिकवू. केबिनची काच लावून घ्या.”

पंप सुरू झाला.

पहिली धार पुलावर पडली आणि पूल नाहीसा झाला. वाफेचा पांढरा लोट उठला आणि त्याने केबिन, कठडे, दोन्ही टोकं गिळून टाकली. हसणारी माणसं थांबली. वाफेच्या आतून आवाज येऊ लागले. आधी एक, टक्क. मग लांबून दुसरा. मग सगळीकडून, कुठे बारीक, कुठे जाड, रिव्हेटारिव्हेटांतून, तुळयांच्या सांध्यांतून, पायांखालून. गारठ्याच्या दिवसांत खाडीचा बर्फ तडकतो तसे, पण त्याहून खोल. मध्येच एक लांब सूर निघाला. कुणी कशाला हात लावला नव्हता. पूल स्वतःच आवळत होता, आणि आवळताना वाजत होता. पूलवाल्याच्या बुटांतून तो सूर गुडघ्यांत चढला. इतकी वर्षं तो या पुलावर उभा होता. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण कुणाच्या तरी अंगावर उभे आहोत. काठावरच्या एका माणसाने डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वाफ विरली. पूल ओला, काळा, चकाकत उभा होता. त्याच्यावरून पाणी आता पाण्यासारखं वाहत होतं, चुरचुरत नव्हतं.

पण दांडा केबिनमध्ये आणि फट टोकाशी. पूलवाला दोन्हीकडे असू शकत नव्हता. त्याने फोन लावला.

“वहिनी, काठाशी या. पूल आणतोय हळूहळू. कोपरा कडेला टेकतोय असं वाटलं तर ओरडा. नाही टेकला तर फटीत बोट घाला.”

“कोणतं?”

“जाईल ते.”

दादाला ड्रायव्हरवर सोपवून वहिनी काठाशी गुडघे टेकून बसली. आयुष्य पूलवाल्याच्या घरात गेलेलं. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिने साडीचा पदर टगच्या तुषारांनी भिजू दिला होता आणि तो अर्धा दादाच्या कपाळावर पिळून आली होती. पूल इंचाइंचाने सरकला. काठ गप्प. टगवालीनेही इंजिन बंद केलं.

“येतोय... येतोय... थांबा!” वहिनी ओरडली.

पूलवाल्याने दांडा जागीच धरला.

“नाही, नाही, या! टेकला नाही, माझीच बांगडी लागली! या!”

कोपरा कडेसमोरून सरकत गेला. वहिनीने फटीत हात घातला.

“करंगळी!” ती ओरडली. “भावोजी, करंगळी जातेय!”

पूल रस्त्याला लागला. ॲम्ब्युलन्स त्याच्यावरून गेली तेव्हा पाणी दोन्ही बाजूंना उडालं आणि पूल, नेहमीसारखा, फक्त गडगडला. पूलवाला केबिनच्या दारात उभा होता. मागच्या काचेतून त्याला दादाचे पाय दिसले, घरातल्या लोकरीच्या मोज्यांसकट. ते काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्याने फोनवर ओरडून सांगितलं, “आधी मोजे काढा!”

टगवाली तिथेच राहिली. मागच्या गाड्या जाईपर्यंत ती पुलावर धार धरून होती. मुलं धारेखाली नाचत पलीकडे गेली, त्यांच्यामागे मोठी माणसंही.

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा ऊन कललं होतं. बर्फाच्या पिशव्यांत ठेवलेल्या दादाचा आवाज बारीक होता, पण दादाचाच होता.

“काडी, रेटला नाहीस ना?”

“नाही.”

“मी असतो तर रेटला असता,” दादा म्हणाला. “आत तू असतास तर.” मग त्याने विचारलं, “किती भरलं शेवटी?”

“करंगळी.”

“कुणाची?”

“वहिनीची.”

“हात्तिच्या. ते काय माप झालं?”

“तिला सांगू का असं म्हणून?”

“नको, ती इथेच आहे.” मग हळूच, “काडी, खरंच एवढा वाढला? आपला पूल?”

“एक बोट. आणि आवळताना गात होता, दादा. तू ऐकायला हवं होतंस.”

दादाने फोन ठेवला नाही. पूलवाला टोकाशी गेला आणि फोन कठड्याच्या लोखंडाला टेकवून धरला. संध्याकाळच्या वाऱ्यात पूल अजून आखडत होता. अधूनमधून, लांबून, टक्क. दोघे भाऊ ऐकत राहिले.